इंदूमावशीच्या अंगणातले हात

मंदाचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत भाजी घेत उभी होते. मंदा म्हणजे अकोल्याच्या माझ्या इंदूमावशीची सून. "ताई, माय गेल्या. दसऱ्याचा झेंडू तोडून राहिल्या होत्या. टोपली खाली ठेवली, बांधावर बसल्या, अन्..." भाजीवाल्यानं माझा चेहरा पाहिला, माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या गाडीखाली ठेवली आणि म्हणाला, "जा तुमी बाई, भाजी कुठी जात नाई." मी तशीच रिक्षात बसले आणि अमरावतीच्या स्टँडवरून मिळेल ती अकोल्याची गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं तरी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मला सारखं वाटत होतं, की आता पोचल्यावर ती अंगणात उभी असेल आणि विचारेल, "नंदा, जेवून आली का तशीच आली?"

मोर्णा नदीच्या पलीकडच्या तिच्या गल्लीत शिरायला जागा नव्हती. एस.टी.चे कंडक्टर, बांगड्यावाल्या, फुलबाजारातले अडते, शाळेच्या गणवेशातल्या मुली, कोण कोण आलं होतं. तिनं लावलेला, तिनंच तोडलेला झेंडू तिच्या अंगावर होता. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा गल्लीतल्या बाया पुढे झाल्या. "आमी बी खांदा देतो," सुगंधा म्हणाली. ती भाजीची गाडी लावते. कोणी आडवं आलं नाही. आणि मग मागून कोणीतरी खंजिरी वाजवायला सुरुवात केली. खंजिरी म्हणजे डफासारखं लहान, कडेला झांजा लावलेलं वाद्य. आमच्या वऱ्हाडात भजन तिच्याशिवाय उभं राहत नाही. तो ताल ऐकला आणि सगळी गर्दी गाऊ लागली. मी रडत होते आणि माझे पाय तालात पडत होते. आज हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की जड मनानं लिहावं लागेल. पण मावशीबद्दल सांगायचं म्हटलं की माझ्या अंगात उत्साहच येतो, त्याला माझा इलाज नाही. सांगायचं इतकं आहे की कुठून धरू ते कळत नाही...

लहानपणापासून सुरुवात करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायची. घराच्या मागे फुलांचं शेत होतं. शेवंती, गुलाब, निशिगंध, आणि हंगामात झेंडू. काका लवकर गेले होते, त्यामुळे शेत आणि बाजार दोन्ही तीच बघायची. पहाटे ती मला फुलबाजारात न्यायची. मी पोत्यावर बसून पेंगत असायची, आणि ती हार ओवता ओवता येणाऱ्या-जाणाऱ्याला आशीर्वाद देत असायची. आशीर्वाद सगळेच देतात. सुखी राहा, मोठे व्हा, म्हणतात आणि पुढे जातात. मावशी तसं करायची नाही. ती आधी विचारायची, "काय पाहिजे?" समोरचा हसायचा, लाजायचा, मग हळूच खरं सांगायचा. ते ऐकून घेऊन ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायची आणि त्याच्यासाठी देवाकडे नेमकं तेच मागायची. चहावाल्यासाठी म्हणायची, "देवा, याच्या दुकानात गर्दी राहो, पण याले दुपारी जेवाले टाइम भेटो." एका ड्रायव्हरसाठी म्हणायची, "याची गाडी घाटात बंद नको पडू देऊ, अन् पडली तर संग चांगला माणूस दे." दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा मी तिला म्हटलं, पेपर सोपा जावो म्हण. ती म्हणाली, "सोपा काहून? सोपा तर सगळ्यायलेच जाईल. देवा, हिनं जे वाचलं ते हिले आठवू दे." मी तिला एकदा विचारलं होतं की देवाला सगळं कळतं ना, मग इतकं फोडून कशाला सांगायचं? हातातली सुई थांबवून ती म्हणाली, "त्याले मोघम सांगतलं तरी समजते, बाई. आपल्यालेच समजत नाई आपण काय मागून राहिलो ते."

दिवेलागणीला तिच्या अंगणात प्रार्थना व्हायची. कडुनिंबाखाली सतरंजी अंथरायची, निरंजन लावायचं, आणि मावशी खंजिरी घेऊन बसायची. तिचा आवाज पहाडी होता. ती भजन उचलायची तेव्हा गल्लीच्या टोकावरची कुत्रीसुद्धा उठून बसायची. बाजारातून परतलेल्या बाया, रिकामी टोपली बाजूला ठेवून, घामानं ओल्या पदरानं तोंड पुसत येऊन बसायच्या. लियाकतभाई यायचे. त्यांचा मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, घर मावशीच्या भिंतीला भिंत लावून. सणासुदीला ते अंगणात दिव्यांची माळ लावून द्यायचे आणि मागे खुर्ची टाकून ऐकत बसायचे. माझा मावसभाऊ गजानन मात्र कधी बसला नाही. तो मुळातच अबोल. फुलांची 'छोटा हत्ती' गाडी चालवायचा, घरी आला की हातपाय धुऊन आत जायचा. मावशीनं त्याला कधी ओढून आणलं नाही. "देवाचं अन् त्याचं काय बोलणं चालू हाय ते मले काय मालूम," एवढंच म्हणायची.

काही वर्षांपूर्वी तिचा गळा दुखायला लागला. घरगुती काढे झाले, अकोल्याचे डॉक्टर झाले, शेवटी गजानन तिला नागपूरला घेऊन गेला. घशात गाठ होती. ऑपरेशन करावंच लागणार होतं, आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. त्या संध्याकाळी ती अमरावतीला माझ्या घरी उतरली. ती कोथिंबिरीची सांबारवडी खात होती, दोन खाऊन तिसरी उचलली आणि म्हणाली, "नंदा, तारीख अजून दूर हाय. आवाज हाय तवरिक वापरून घेतो. उद्या सुट्टी काढ."

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. गजाननच्या गाडीत पुढे आम्ही दोघी, मागे उरलेली शेवंतीची पोती. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, वाटेत ओळखीचं जे जे घर लागलं तिथं मावशीनं गाडी थांबवली. जिथं लग्नाला जायचं राहून गेलं होतं तिथं ती त्या नव्या नवरीच्या, म्हणजे आता दोन लेकरांच्या आईच्या, डोक्यावर हात ठेवून आली. बडनेऱ्याला तिच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या दुकानात शिरली. वाटेत एका एस.टी.च्या ड्रायव्हरनं तिला ओळखलं, भर रस्त्यात गाडी थांबवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून वाकवलं. मागे हॉर्न वाजत होते, आणि मावशी टाचा उंच करून, हात पोचवून, त्याच्यासाठी देवाशी बोलत होती. मी हसत होते, गजाननसुद्धा गालातल्या गालात हसत होता. मूर्तिजापूर आलं. तिथं तिची धाकटी जाऊ राहत होती. वाटणीच्या भांडणानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. "वळव गाडी," मावशी म्हणाली. गजानन म्हणाला, "माय, ते दार नाई उघडत." ती म्हणाली, "नाई उघडलं तर दारालेच देतो."

आणि खरंच दार उघडलं नाही. आत माणूस असल्याचं कळत होतं, भांड्याचा आवाज येत होता. मावशी पायरीवर उभी राहिली, बंद दारावर तळहात टेकवला आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, या दारातून सुख आत येऊ दे. अन् या घरातलं कोणी रुसून बाहीर नको जाऊ देऊ." मग वळली आणि गाडीत येऊन बसली. गजाननने चावी फिरवली तेवढ्यात दार उघडलं. जाऊ बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता. खिडकीपाशी येऊन म्हणाली, "उन्हाचं फिरून राहिले तुमी. पाणी प्या." मावशीनं तांब्या रिकामा करून दिला, आणि मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मान वळवून ती त्या घराकडे पाहत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला. आवाज डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गेला, पार गेला. सगळ्यांनी म्हटलं, किती धीराची बाई. पण खरं ते सांगायला हवं. घरी आल्यावर मावशी कोसळली. संध्याकाळी बाया जमायच्या, सतरंजी अंथरायच्या, कशीबशी प्रार्थना म्हणायच्या, आणि मावशी मागच्या फुलांच्या शेडमध्ये पाठ करून बसायची. मी एका रविवारी गेले तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, देवावर रागावलीस?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट मान डोलावली. हो. मग हातानं आपला गळा दाखवला, वर बोट केलं आणि तळहात उलटा करून विचारलं, काहून? आम्ही दोघी निशिगंधाच्या ढिगाशेजारी बसून राहिलो.

पुढचं मला लियाकतभाईंनीच सांगितलं, आणि सांगताना ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. एका संध्याकाळी सुगंधा धावत अंगणात आली. तिचा नवरा गवंडीकाम करायचा. त्या दिवशी तो बांधकामाच्या परांचीवरून पडला होता, दवाखान्यात नेलं होतं, पायाची हाडं मोडली होती. ती थेट शेडमध्ये गेली आणि मावशीसमोर डोकं वाकवून उभी राहिली. मावशीचा आवाज गेलाय हे ती घाबरलेल्या मनानं पार विसरली होती. मावशीनं हात वर उचलला, तोंड उघडलं... आणि काही आलं नाही. लियाकतभाई तिथं ठेवलेली दिव्यांची माळ न्यायला आले होते. मावशीनं इकडे तिकडे पाहिलं, झटकन उठली, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात सुगंधाच्या डोक्यावर ठेवला. ते गडबडले. "अरे मावशी, मैं क्या बोलू? मले कुठी येते?" मावशी हात सोडेना. त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ते म्हणाले, आणि त्यांच्याच शब्दांत सांगते, "ऊपरवाले, इसका आदमी अपने पैरों से चलके घर आए. और तब तक इसके घर का चूल्हा बंद ना हो." सुगंधा रडायला लागली. तिच्यामागे उभ्या असलेल्या बाया म्हणाल्या, "होऊ दे, देवा." लियाकतभाई मला ताईऐवजी बाजी म्हणतात. म्हणाले, "बाजी, आपन काय मोठे नाई. पन त्या टायमाले माह्या हातातून कायतरी गेलं. कसम से सांगतो."

सुगंधाचा नवरा बऱ्याच महिन्यांनी घरी आला. काठी टेकत आला, पण स्वतःच्या पायांनी आला. आणि तोवर गल्लीनं पाळी लावून तिच्या घरी डबा पोचवला होता, कारण चूल बंद पडू नये असं सगळ्यांसमोर मागितलं होतं.

त्या संध्याकाळपासून मावशी पुन्हा अंगणात येऊन बसू लागली. खंजिरी तिच्या हातात परत आली आणि पूर्वीपेक्षा जोरात वाजू लागली. गाणं बायांनी सांभाळलं. आणि प्रार्थना संपली की मावशी उठायची, कोणाचाही हात धरायची आणि दुसऱ्या कोणाच्याही डोक्यावर ठेवायची. ज्याचा हात, त्यानं विचारायचं, काय पाहिजे? आणि त्यानंच मागायचं. सुटका नव्हती. जी बाई नवऱ्यासमोर ब्र काढत नव्हती ती परक्या माणसासाठी देवाशी बोलू लागली. नुकती सासरी आलेली सून सासूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "देवा, यांच्या गुडघ्यायले आराम पडू दे," आणि सासू तिच्याकडे पाहतच राहिली. मी महिन्यातून एकदा जायचे, आणि दर वेळी अंगण आधीपेक्षा भरलेलं असायचं. आवाज होता तेव्हा एकटी मावशी आशीर्वाद देत होती. आता सगळी गल्ली देत होती, आणि ते बघताना मावशीचा चेहरा असा फुलायचा की ती मुकी आहे हे आठवायचंसुद्धा नाही.

माझ्या घरातलंही सांगायला हवं. माझा मुलगा निखिल पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देत होता. यश येईना. शेवटच्या निकालानंतर तो अमरावतीला परत आला आणि खोलीत पडून राहिला. जेवायचा नाही, बोलायचा नाही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी झोप येऊ लागली, पण डोळ्यांतलं विझलेपण जाईना. मी त्याला मावशीकडे नेलं. मनात होतं की ती त्याच्या डोक्यावर हात ठेवेल. प्रार्थना झाली, मावशी उठली, निखिलसमोर आली आणि त्याचा हात धरला. नेऊन ठेवला सुगंधाच्या डोक्यावर. निखिल म्हणाला, "आजी, मी कशावर विश्वास ठेवत नाही." मावशीनं मान डोलावली, जणू म्हणाली, बरं, पुढं बोल. सगळे वाट पाहत होते. निखिलनं खाली बघत विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?" सुगंधा म्हणाली, "गाडीवरचा माल रोज उरते बाबू. दुसऱ्या दिवशी सुकून जाते." मग माझा मुलगा, ज्याचा आवाज मी कित्येक आठवडे धड ऐकला नव्हता, म्हणाला, "देवा... असशील तर... यांच्या गाडीवरचं सगळं विकलं जाऊ दे."

आम्ही त्या दिवशी तिथंच राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी निखिल माझ्या आधी अंगणात जाऊन बसला होता. सुगंधा आली तसा तो उठला. "विकलं का सगळं?" सुगंधा हसली. "नाई इकलं. अर्धा पालक उरला. पण बाबू, माह्यासाठी कोनी पोरानं मागतलं, हे ध्यानात येऊन दिवसभर मले बरं वाटलं. रात्री झोप बी मस्त लागली." निखिलही हसला. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. तो उरलेला पालक त्यानं घरात आणला, आणि मंदानं त्याची भाजी केली. निखिल अकोल्यात आणखी दीड-दोन महिने राहिला, गजाननबरोबर बाजारात जायचा, संध्याकाळी अंगणात बसायचा. बरा व्हायला वेळ लागला, गोळ्याही लागल्या. आज तो तिवशाला एका शाळेत शिकवतो. देव आहे की नाही यावर अजून माझ्याशी वाद घालतो. पण परीक्षेच्या दिवशी त्याच्या वर्गातली मुलं रांगेनं त्याच्यासमोर डोकं वाकवून उभी राहतात, हे मला त्याच्या हेडमास्तरांनी सांगितलं.

मावशी जाऊन काही आठवडे झाले. दिवाळीच्या आधी मी पुन्हा अकोल्याला गेले. वाटेत मनात धाकधूक होती. म्हटलं, आता सतरंजी कोण अंथरत असेल? दिवेलागणीला पोचले तर अंगण भरलेलं. लियाकतभाईंनी माळ लावली होती. मंदा खंजिरी घेऊन बसली होती, ताल थोडा चुकत होता. गजानन नेहमीप्रमाणे हातपाय धुऊन आत निघाला होता, दारात मला बघून थांबला. तेवढ्यात एक अनोळखी बाई फाटकातून आत आली. खांद्याला पिशवी, चपला प्रवासानं धुळीच्या. अंजनगाव सुर्जीहून एस.टी.नं आली होती. तिथल्या कोणत्या तरी कंडक्टरनं तिला सांगितलं होतं की अकोल्याला एक मावशी आहेत, त्या आपल्यासाठी देवाकडे मागतात. माझे पांढरे केस बघून ती माझ्या पायाशी वाकली. मी म्हटलं, "अहो, मी नाही." ती सुगंधाकडे वळली. सुगंधानं नाही म्हणून मान हलवली. बाई गोंधळून उभी राहिली.

दारातून गजानन पायऱ्या उतरून आला. घसा खाकरला आणि म्हणाला, "माय गेली माही. दसऱ्याच्या तोंडावर." बाईचा चेहरा उतरला. पिशवी सावरून ती जायला वळली. गजानन म्हणाला, "थांबा ना. काय पाहिजे तुमाले?"

तिची मुलगी नर्स झाली होती. पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, दोन दिवसांनी निघणार होती. बाई म्हणाली, "माही पोरगी कधी घर सोडून राहिली नाई. तथी तिचं आपलं असं कोनीच नाई." गजाननने हात पँटला पुसला. मी त्याला इतक्या वर्षांत त्या सतरंजीवर पाय ठेवताना पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "देवा, हिच्या पोरीले तथी एक असं घर भेटू दे, की जे सणाले तिले जेवाले बलावन. अन्... अन् पोरीनं तथून फोन केला का हिले लगेच लागू दे." मागून सगळे म्हणाले, "होऊ दे, देवा." मंदाच्या मांडीवर खंजिरी तशीच राहिली होती, ती नवऱ्याकडे बघत होती.

बाईला शेवटची गाडी गाठायची होती. मंदानं तिच्या पिशवीत शेवंती भरून दिली. फाटकापाशी गेल्यावर ती परत वळली आणि गजाननला विचारलं, "पोरगी सुट्टीत आली का तिले घेऊन येतो. तुमी असता ना अथी?"

गजाननने अंगणाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "असतो. रोज असतो."